डोंगरांनो, जरा स्टेशनकडे सरका

प्रति,
सातमाळा-अजिंठा डोंगररांग,
मुक्काम: मनमाडपासून अजिंठ्यापर्यंत, ऐसपैस.

विषय: आपण रेल्वेमार्गापासून लांब बसल्यामुळे बिनमोटारी सायकलस्वारांची होत असलेली गैरसोय.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, मी छत्रपती संभाजीनगरचा रहिवासी असून माझ्याकडे जाड टायरांची, पुढे शॉकप असलेली एक गिअरची सायकल आहे. मोटार नाही. घ्यायचा विचार माझाही नाही आणि बँकेचाही नाही. ही सायकल डांबरी रस्त्यासाठी जन्मलेली नाही. तिला मुरूम लागतो, दगडगोटे लागतात, गुरांनी पाडलेल्या वाटा लागतात. हा सगळा माल आपल्याकडे मुबलक आहे. अडचण एवढीच की आपण रेल्वेला पाठ करून बसला आहात.

गावाला लागून गोगाबाबा टेकडी आहे, लेण्यांमागचे डोंगर आहेत, दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर आहे, हे मला मान्य. पण ती आपली लेकरं. सकाळी त्यांच्या अंगाखांद्यावर इतकी मंडळी फिरायला येतात की उतारावरून घंटी वाजवत, माफी मागत आणि ‘ह्या वयात?’ हा प्रश्न चुकवत खाली यावं लागतं. मला थोरलं घर हवं आहे.

हा अर्ज मी आपल्याकडेच का करतो, असं आपणांस वाटेल. रेल्वेकडे करावा, तर रेल्वेकडे नियम आहेत आणि नियमाला हात लावायचा म्हणजे दिल्ली. एसटीकडे करावा, तर पूर्वी तिच्या टपावर कॅरिअर असायचं, मागे शिडी असायची, कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचा आणि सायकल कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून घाट बघत जायची. आताच्या चकचकीत गाड्यांच्या टपावर काही ठेवायची सोयच नाही. उरलात आपण. आपल्याकडे नियमपुस्तिका नाही, कार्यालयीन वेळ नाही, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ नाही. शिवाय साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपण लाव्हा होता आणि चांगले शेकडो किलोमीटर वाहत आला होता, असं भूगर्भवाले सांगतात. एकदा एवढं वाहून झाल्यावर आणखी पाच-दहा किलोमीटरला कशाला का कू करावं?

आपली बाजूही मी समजून घेतली आहे. आपण आधी आलात, रेल्वे नंतर आली. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन मनमाडपर्यंत पडली, तेव्हा आखणाऱ्यांनी सरळ खोरं धरलं. त्यांना धान्य न्यायचं होतं, कापूस न्यायचा होता. चढ म्हणजे फुकटचा कोळसा जाळणं. त्यांनी आपल्याला लांबून रामराम केला आणि सपाटीने निघून गेले. १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली, आता अंकाईपासून इथपर्यंत दुहेरीकरणाचं काम चालू आहे, पण वाट तीच. म्हणून म्हैसमाळला स्टेशन नाही, खुलताबादला नाही, सुलीभंजनला नाही, आख्खं जग जिथं येतं त्या वेरूळलाही नाही. कन्नड तर इथून साठेक किलोमीटर. तिथं रेल्वेने जायचं असेल तर आधी उलटं मनमाडला जावं, तिथं गाडी बदलून चाळीसगावला उतरावं आणि मग औट्रम घाट चढून वर यावं. घाट चढायला माझी ना नाही, मी त्यासाठीच निघालो आहे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने त्या घाटात जड वाहनांना बंदी घातल्यापासून तर तो सायकलवाल्याला बोलावतोच आहे. पण कन्नडला जायला जळगाव जिल्हा लागावा, हे काही बरं दिसत नाही.

नाही म्हणायला दोन ठिकाणी आपण रेल्वेला अगदी खेटून बसला आहात. एक दौलताबाद. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी इथं आणली, ती आणता आली कारण त्या काळी पार्सल ऑफिस नव्हतं. लोक म्हणतात, ‘दौलताबादला ट्रेन कशाला? पंधरा किलोमीटर तर आहे, सायकलनेच जा की.’ जातोच. छावणी, पडेगाव, शरणापूर करत, वेरूळच्या सहलीच्या बसगाड्यांना वाट देत, किल्ल्याजवळच्या जुन्या दरवाजात ट्रकच्या मागे धूर पीत उभं राहत जातो. डोंगर लागेपर्यंत माझ्या फुफ्फुसांचा घाट झालेला असतो.

दुसरं ठिकाण म्हणजे अंकाई. इथं मात्र आपण कमाल केली आहे. गाडीतून उतरावं तर समोर अंकाई-टंकाईची जोडी, पायथ्याला जैन लेणी, पलीकडे मनमाडच्या अंगाला हडबीची शेंडी अंगठा वर करून उभी. किल्ल्यावर पायऱ्या आहेत, तिथं सायकलीचं काम नाही. पण दोन्ही डोंगरांच्या भोवती ज्या बैलगाडीच्या वाटा, शेतांचे बांध आणि खडकाळ माळ आहेत, त्यांच्यावर दिवस घालवता येतो. फक्त सराट्यांसाठी ट्यूबमध्ये औषध भरून न्यावं. आपल्या रूपात खोट कुठं काढायची तर ती ह्या सराट्यांत.

पण गंमत ऐका. अंकाईला आणि दौलताबादला ज्या गाड्या थांबतात त्या साध्या, आणि थांबतात मिनिट-दोन मिनिटं. ज्या मोठ्या गाड्यांना सामानाचा डबा नीट असतो, त्या ही स्टेशनं शिट्टी मारत ओलांडतात. आणि सर्वांत देखणी जी वंदे भारत, २०२३ च्या अखेरीस जालन्याहून सुरू झाली आणि २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली, तिला सामानाचा डबाच नाही. म्हणजे गाडी आणि डोंगर जिथं भेटतात तिथं सायकलीला वेळ नाही, आणि सायकलीला जिथं वेळ आहे तिथं डोंगर नाही. रेल्वेने तर ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या स्टेशनचं नाव बदललं, कोडही बदलला. मग निदान आपण जागा बदलायला काय हरकत आहे?

नियमांचंही सांगून ठेवतो, म्हणजे दोष कुणाचा ते आपल्या ध्यानात येईल. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो आणि स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान फुकट नेता येतं. माझी सायकल पंधरा किलोचीही नाही. पण स्कूटर आणि सायकल ह्या वस्तूंना ही सवलत लागू नाही, असं नियमच सांगतो. म्हणजे ज्वारीचं पोतं घेऊन मी डब्यात चढलो तर मी प्रवासी, आणि त्याच्या निम्म्या वजनाची सायकल घेऊन चढलो तर मी मालवाहतूक. बरं, सायकल सुटी करून पेटीत भरावी, तर डब्यात न्यायच्या पेटीला १०० सेंटिमीटर लांबी, ६० रुंदी आणि २५ उंची अशी मर्यादा. एकोणतीस इंची चाक टायरसकट ७४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तेव्हा सायकलीचे तुकडे करून उपयोग नाही, चाकाचेच करावे लागतील.

राहिला ब्रेकव्हॅनचा, म्हणजे गार्डाच्या डब्याशेजारच्या सामानाच्या खणाचा मार्ग. त्याची हकीकत एका स्टेशनातली सांगतो, नाव घेत नाही. तिथला पार्सलचा माणूस मोठा कलावंत. हँडल आडवं फिरवलं, पेडल काढून सीटला बांधली, चौकटीला गोणपाट गुंडाळलं, सुतळीची गाठ दातांनी आवळली आणि गोणपाटावर शाईने कुठून कुठं ते असं सुरेख लिहिलं की लग्नपत्रिकेवरही येणार नाही. मग सायकल उचलली आणि उजव्या कुशीवर आडवी केली. उजव्या बाजूला, मागच्या चाकाशी, गिअर बदलणारा डिरेलर असतो. एका बोटभर पत्रीवर तो लोंबत असतो आणि पत्री वाकली की गिअर संपले.

“मामा, त्या कुशीवर नको, ह्या कुशीवर.”

मामांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. “ओ भाऊ, सायकल हाय, बाळंतीण न्हाई.”

पुढचं ऐका. हे सामानाचे खण गाडीच्या टोकांना असतात आणि त्यातली बरीच जागा ठेकेदारांना भाड्याने दिलेली असते. माझी सायकल केळीच्या घडांवर निजून गेली. लहान स्टेशनात प्लॅटफॉर्म आखूड आणि गाडी लांब, त्यामुळे टोकाचा डबा प्लॅटफॉर्म सोडून खडीवर उभा राहतो. मी मधल्या डब्यातून उडी मारून पळत तिथं पोचेपर्यंत आतल्या भल्या माणसाने सायकल खाली दिली होती. म्हणजे सोडून दिली होती. तिने दिवसातला सर्वांत खडतर उतार तिथंच उतरला. हे सगळं ‘लगेज’ म्हणून बुक केलं तर. ‘पार्सल’ म्हणून केलं असतं तर ती माझ्याच गाडीने आली असती ह्याची खात्री नव्हती, आणि मी हेल्मेट घालून दोन दिवस स्टेशनावर चहा पीत बसलो असतो.

आता आमच्या शहरातल्या मोटारवाल्या सायकलपटूंबद्दल दोन शब्द. ही मंडळी रविवारी पहाटे निघतात. मोटारीच्या पाठीवर कॅरिअर, कॅरिअरवर दोन सायकली, आत दोन माणसं आणि एक इडलीचा डबा. मोटारीने चाळीस किलोमीटर म्हैसमाळ, तिथं गिरिजामातेच्या देवळामागच्या वाटांवर बारा किलोमीटर सायकल, परत चाळीस किलोमीटर मोटार. संध्याकाळी मोबाईलवर फोटो: प्रदूषणमुक्त रविवार. मला ते मनापासून बोलावतात. ‘तू ये रे, सायकल तेवढी आणू नको, कॅरिअरवर तिसरी बसत नाही.’

अन्यत्र काय चालतं, तेही आपल्या कानावर घालतो. पुण्यात आणि नागपुरात मेट्रोच्या डब्यात सायकल नेऊ देतात. मुंबईकडे लोकलला लगेजचा डबा असतो. मासळीच्या पाट्या आणि फुलांचे हारे सांभाळत सायकल कसाऱ्यापर्यंत येते आणि थळ घाटाच्या तोंडाशी उतरते. आमच्या बाजूने इगतपुरी गाठायची तर तीच ब्रेकव्हॅनची परीक्षा. मग भावली धरणाकडच्या वाटा मुंबईकराने घासायच्या आणि आम्ही फोटो बघायचे. स्वित्झर्लंडात सायकलीचं वेगळं तिकीट निघतं. पण तिथले डोंगर समजूतदार आहेत, स्टेशनाच्या जवळ राहतात.

खरं म्हणजे मागणं फार मोठं नव्हतं. मनमाडकडे सकाळी जाणाऱ्या एखाद्या साध्या गाडीच्या एका डब्यात, दाराजवळची दोन बाकं काढून, भिंतीला चार हूक. सायकल उभी टांगायची, ठरलेलं तिकीट काढायचं, अंकाईला स्वतःच्या हाताने उतरवायची, संध्याकाळी परत. गोणपाट नको, शाई नको, मामांचा वेळ नको. दूधवाले खिडकीच्या गजांना कॅन अडकवून वर्षानुवर्षं जात आले आहेत, त्यांच्यासाठी कुणी समिती नेमल्याचं ऐकलं नाही. पण चार हूक ठोकायचे म्हणजे डब्याचा आराखडा बदलणार, आराखड्याला मंजुरी लागणार, आणि मंजुरी येईपर्यंत माझे गुडघे टिकणार नाहीत. त्यापेक्षा डोंगर हलवणं सोपं, असा मी हिशेब केला.

तरी आपणांस विनंती की, म्हैसमाळचं पठार लासूर स्टेशनाच्या उत्तरेला टेकवावं. सुलीभंजन दौलताबादच्या प्लॅटफॉर्मला लागून ठेवावं. दत्ताच्या देवळाला धक्का लागू देऊ नये, तिथं एकनाथांनी तप केल्याचं सांगतात आणि भाविक माझ्याइतके सोशिक नाहीत. गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे ते हलवण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी. ती आपल्याला मिळाली तर कशी मिळवली ते मलाही कळवावं, मला तिथं सायकल चालवायची आहे. सरकताना बेताने सरकावं. जोरात सरकलात तर ‘दरड कोसळली’ अशी नोंद होईल, लाइन बंद पडेल आणि माझ्या अर्जावर ठपका येईल. अंकाई मात्र आहे तिथंच असू द्यावी. तिथं हलायचं आहे ते गाडीच्या वेळापत्रकाने.

आपला नम्र,
एक बिनमोटारी अर्जदार

ता. क. जालना-जळगाव ह्या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. भोकरदन, सिल्लोड करत तो थेट आपल्या अंगावर, अजिंठ्यापाशी येणार आहे. म्हणजे आपण हलला नाहीत तरी एक दिवस रेल्वेच आपल्या दारात येईल. फक्त डोंगर वरून ओलांडण्याऐवजी बोगद्यातून पार करायचा, असं बोललं जातंय. तेव्हा स्टेशनाची जागा मुक्रर करायला साहेब लोक आले, तर पोटातली दाखवू नका, पाठीवरची दाखवा.