दुसऱ्याचे सव्वाशे कोटी कसे खर्च करावेत

आयपीएलच्या 2026 हंगामासाठी प्रत्येक संघाकडे खेळाडूंवर उधळायला 125 कोटी रुपये होते. हे पैसे संघमालक खर्च करतात असा एक गैरसमज आहे. ते खरे तर छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या रस्त्याला, गजानन महाराज मंदिराकडून आत आल्यावर जी पहिली चहाची टपरी लागेल तिथे, रोज संध्याकाळी नव्याने खर्च होतात. या कामात नवख्याची फजिती होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

आधी दिवस नीट निवडावा. नळाला पाणी येण्याचा दिवस कटाक्षाने टाळावा. वाद ऐन रंगात असताना घरून "मोटार लावा" असा फोन आला की उठावे लागते, आणि या खेळात जो आधी उठला तो हरला.

हत्यार म्हणून मोबाईलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. सामना पाहिलेला असणे आवश्यक नाही. उलट पाहिलेला असला की माणूस "पण खेळपट्टी संथ होती" वगैरे बोलून स्वतःचीच बाजू पातळ करतो. खेळाडूच्या किमतीला धावांनी भागावे. लखनौने ऋषभ पंतला 27 कोटींना घेतले. 2025च्या हंगामात त्याच्या धावा झाल्या 269. म्हणजे एक धाव साधारण 10 लाखांना. कोलकात्याने वेंकटेश अय्यरवर 23.75 कोटी लावले, धावा 142. धाव पावणेसतरा लाखांच्या घरात. हा आकडा सांगून झाल्यावर बशीतला चहा फुंकत गप्प बसावे. टपरीवर शांतता पसरते आणि कुणीतरी गारखेड्यातल्या प्लॉटचे भाव काढतो.

मात्र भागाकाराची तारीख चुकवू नये. पंतने 118 धावांची नाबाद खेळी केली ती शेवटच्या साखळी सामन्यात, 27 मे रोजी. त्या दिवशी सकाळी हिशेब मांडला तर धाव जवळपास 18 लाखांना पडते, रात्री मांडला तर 10 लाखांना. विरोधात असाल तर सकाळी बोलावे, बाजूने असाल तर रात्रीचे जेवण उरकून यावे. मिचेल स्टार्कवर याच तारखांच्या घोळात भलेभले तोंडघशी पडले. कोलकात्याने त्याला 24.75 कोटींना घेतले, आणि 2024च्या पहिल्या दोन सामन्यांत त्याने आठ षटकांत बरोब्बर 100 धावा दिल्या, बळी शून्य. ज्यांनी तेव्हा तोंड उघडले त्यांनी मे महिन्याच्या अखेरीस टपरी बदलली. कारण अंतिम सामन्यात हैदराबादचे दोन बळी 14 धावांत घेऊन सामनावीर तोच ठरला.

थोडे वरच्या पातळीचे ज्ञान हवे असेल तर कॅमेरून ग्रीनकडे यावे. डिसेंबर 2025मध्ये अबू धाबीच्या लिलावात कोलकात्याने त्याला 25.20 कोटींना घेतले, पण छोट्या लिलावातल्या परदेशी खेळाडूच्या हाती 18 कोटींपेक्षा जास्त पडत नाहीत. वरचे 7.20 कोटी खेळाडूंच्या कल्याणासाठी क्रिकेट मंडळाकडे जातात. ही माहिती सुरुवातीलाच देऊन टाकणारे बरेच असतात. ती राखून ठेवावी. समोरचा "पंचवीस कोटी घेऊन तो..." असे सुरू करतो तेव्हाच "घेतले कुठे?" एवढे म्हणावे.

आता ट्रेड. इथे टपरीवरची मंडळी दोन पिढ्यांत विभागली जातात. जुन्यांना आठवते ती 2009ची अदलाबदल: बंगळूरूचा झहीर खान मुंबईत, मुंबईचा रॉबिन उथप्पा बंगळूरूत. झहीर शेजारच्या श्रीरामपूरचा असल्यामुळे तो व्यवहार आपल्या घरातलाच समजला जातो. नव्यांना आठवतो तो हार्दिक पंड्या. गुजरातकडून त्याला मुंबईने परत आणले, रोहितचे कर्णधारपद त्याला दिले, आणि 2024मध्ये वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली. संघ दहावा आला. दोन संघांतला व्यवहार कितीला झाला ते जाहीर न झाल्यामुळे वाटेल तो आकडा ठासून सांगता येतो. जून संपता संपता विश्वचषकाचे शेवटचे षटक त्यानेच टाकले, आणि 4 जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. त्या रात्री हुर्योवाल्यांनी काय म्हणावे? "मी तर तवाच म्हणलो होतो." हे वाक्य कोणत्याही प्रसंगी चालते. पाठच करावे.

रवींद्र जडेजाचा विषय स्वतःहून काढू नये. दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून 2010चा हंगाम ज्याला घरी काढावा लागला, त्यालाच नोव्हेंबर 2025मध्ये चेन्नईने सॅम करनसोबत राजस्थानला देऊन संजू सॅमसनला आणले. यावर चेन्नईवाले चिडत नाहीत, रडवेले होतात, आणि रडणाऱ्याशी वाद घालता येत नाही.

हंगाम सुरू झाल्यावर "अमक्याला विका, तमक्याला आणा" असे ओरडणाऱ्याला नियम दाखवावा: ट्रेडची खिडकी तोवर बंद झालेली असते, नवा माणूस येतो तो बहुधा जखमी खेळाडूच्या जागी. 2025मध्ये ऋतुराज जायबंदी झाला म्हणून विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे चेन्नईत आला, 30 लाखांना, आणि बंगळूरूविरुद्ध 94 ठोकून गेला. भागाकार करणाऱ्यांनी त्या रात्री मोबाईल खिशात ठेवला.

शेवटी एका माणसापासून सावध राहावे. प्रत्येक टपरीवर असे एक निवृत्त काका असतात, जे बराच वेळ ऐकून म्हणतात, "अरे, तुमचे सव्वाशे कोटी कुठं घेऊन बसलात! आपली पाणीपुरवठा योजना 1,680 कोटींची 2,740 कोटींवर गेली, तिचा भागाकार करा की." यावर राजकारणात शिरू नये, वाद वॉर्डावर येतो आणि क्रिकेट राहून जाते. शांतपणे कॅल्क्युलेटर उघडावा. 2,740 कोटींत 27 कोटींचे 101 पंत बसतात, वर 13 कोटी उरतात. चेन्नईने पथिरानाला 2025साठी राखले ते नेमके 13 कोटींनाच, म्हणजे तोही आला. मग काकांनाच विचारावे की या संघात यष्ट्यांमागे कोणता पंत उभा करायचा. काका पंचाहत्तराव्याचे नाव सुचवतील, त्यावर डाव्या कोपऱ्यातला कुणीतरी हरकत घेईल.