मीटर अंधारात गेल्यास काय करावे

पहिली पायरी: काहीही करू नये. घाटनांदुरात वीस-पंचवीस वर्षांची गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ही पायरी मनोभावे पार पाडलेली असते, आणि ती किमान दोन पावसाळे टिकते. मीटरचा उजेड एका रात्रीत जात नाही. आधी तो समईइतका होतो, मग पणतीइतका. शेवटी एका अमावस्येला पानगावच्या बाजूने परतताना लक्षात येते, की गेला महिनाभर आपण काटा बघत नव्हतो, आठवत होतो.

या पायरीवर मेहुणा उपयोगी पडतो. त्याला शेजारी बसवावे आणि मोबाइलची बॅटरी लावून ती मीटरवर धरायला सांगावी. माझा मेहुणा ही सेवा न मागता देतो, वर समालोचनही करतो. "दाजी, पन्नास व्हायलेत. दाजी, साठ. आता जरा दमानं घ्या." हा आवाजी स्पीडोमीटर महागड्या गाड्यांतही मिळत नाही. त्याचा दोष एकच, लग्नसराई संपली की तो आपल्या गावी निघून जातो. मग नाइलाजाने दुसऱ्या पायरीकडे वळावे लागते.

माझी गाडी १९९७ सालची. तिच्या पाटीवर एमएच २३ आहे, म्हणजे अंबाजोगाईला स्वतःचा ४४ नंबर मिळण्याआधीची, जुन्या खानदानातली. पंधरा वर्षे भरल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी लागते. तिची तीनदा झाली आहे. एवढ्या वयाच्या बाईला रात्री कमी दिसले तर त्यात नवल काय, असे मी घरी म्हणालो. "आवो, तिला न्हाई, तुम्हाला कमी दिसायलंय," असे उत्तर आले. या उत्तराचा मार्गदर्शनाशी संबंध नाही; पण ते आले.

दुसरी पायरी कोणत्याही शहाण्या माणसाला उलटी वाटेल. मीटर अंधारात गेले की मीटरकडे बघू नये. खाली उतरून गाडीच्या मागे जावे. हे ज्ञान मला आमच्या बॅटरीवाल्या मिस्त्रीकडून मिळाले. मी दार उघडून, मान डॅशबोर्डखाली घालून, कंबर मोडून त्याला आतले दाखवत होतो आणि तो मागच्या डिकीपाशी उभा राहून हाक मारत होता. "गुरुजी, आधी मागं या. पार्किंगचं बटन दाबून या." मागे गेलो. दोन्ही लाल दिवे मेलेले. नंबरप्लेटवरचा दिवाही गेलेला.

बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचे दिवे आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात. कंपनीने हे वायर वाचवायला केले की चालकाला सावध करायला, यावर चहाच्या टपरीवर वाद घालता येईल, परिणाम एकच. पुढे अंधार झाला म्हणजे मागेही झाला असण्याची दाट शक्यता. आता याचा अर्थ नीट बघा. ऊसतोडीचा हंगाम, रात्रीचे नऊ, अंबाजोगाईचा रस्ता, आणि दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे चाललेला. त्याला रिफ्लेक्टर नाही म्हणून मी अख्खा हंगाम काच खाली करून ट्रॅक्टरवाल्यांचा उद्धार करत होतो. शाळेत मुलांना ज्या शब्दांसाठी बाकावर उभे करतो, ते सगळे शब्द वापरले. आणि माझ्यामागून येणाऱ्याला मी कसा दिसत होतो? दिसतच नव्हतो.

फ्यूजचा डबा पायापाशी कुठेतरी असतो. तो शोधताना डोके खाली आणि पाय सीटवर अशी अवस्था होते. ती गल्लीतल्या पोरांना आवडते. पात्याचे रंगीत फ्यूज असतील तर लाल म्हणजे १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०. उडालेला तसाच, तेवढ्याच आकड्याचा बसवावा. जुन्या फियाटच्या घराण्यात चिनी मातीच्या कांडीवर उघडी पट्टी असलेले फ्यूज असत. ते उडालेले नसले तरी टोकांना हिरवट गंज धरून रुसून बसत, आणि बोटाने नुसते गरगर फिरवले की पुन्हा बोलू लागत. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली, तेव्हा हे बोटाचे कसबही निम्मे संपले असावे.

माझ्या डब्यात मात्र फ्यूज नव्हताच. आधीच्या मालकाने तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. ही चांदी फ्यूजचे सगळे काम करते, फक्त उडत नाही. फ्यूजने उडायचे नसेल तर वायरने जळायचे असते. मिस्त्रीने ती चिमट्याने काढली आणि कानातला मळ दाखवावा तशी मला दाखवली.

फ्यूज बदलला. मागचे दिवे लागले. मीटर? पणतीवरून निरांजनावर आले, बस्स. इथे काही जण गाडी विकून टाकतात. घाई करू नये.

बल्ब शाबूत असून अंधार कसा, हे आमच्या भागात समजावून सांगावे लागत नाही. २०१५ च्या जुलैत परळीच्या औष्णिक वीज केंद्राला खडका बंधाऱ्यातून पाणी मिळेना, तेव्हा धडधाकट संच बंद ठेवावे लागले होते. गाडीतही आधी वरचा पुरवठा तपासावा. काही गाड्यांत मीटरचा उजेड कमीजास्त करायचे छोटे चाक असते. गाडी पुसणाऱ्याच्या फडक्याने ते कधीतरी फिरते आणि मालक दोन वर्षे दैवाला दोष देतो. चाक पूर्ण फिरवूनही उजेड लुकलुकत असेल तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा घुसळावे, आतला गंज झिजतो. इंजिनाची रेस वाढवल्यावर उजेड वाढतो का? मग गाऱ्हाणे बल्बचे नाही, बॅटरी किंवा चार्जिंगचे आहे. बंद गाडीत चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या जरा वर दाखवते, चालू गाडीत पावणेचौदा ते साडेचौदाच्या आसपास. खड्ड्यात चाक गेल्यावर मीटर उजळत असेल, तर कुठेतरी अर्थिंग ढिली आहे. आमच्या रस्त्यांवर ही चाचणी वेगळी घ्यावी लागत नाही.

ढिल्या अर्थिंगला क्षुल्लक समजू नये. तारेच्या बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज १० टक्के घसरले तर उजेड साधारण ३० टक्के घसरतो. गंजलेल्या एका स्क्रूने सव्वा व्होल्ट खाल्ला की समईची पणती झालीच. तो स्क्रू सोडवून, खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळणे हा या सगळ्या शास्त्रातला सर्वांत स्वस्त उपाय. म्हणूनच तो कोणी सुचवत नाही.

आता एक वेगळी गोष्ट, आणि ही थट्टेवारी नेऊ नका. मीटरमध्ये उजेडाच्या दिव्यांखेरीज इशाऱ्याचे दिवे असतात: ऑइलचा, बॅटरीचा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, ते दोन्ही लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. माझा ऑइलचा दिवा कित्येक महिने लागत नव्हता. मी त्याचा अर्थ 'ऑइल उत्तम आहे' असा घेतला होता.

घाटनांदुरात राहून ही चूक करणे म्हणजे हद्द आहे. बीडला, म्हणजे जिल्ह्याच्या गावाला, रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. आमच्याकडे परळी–विकाराबाद मार्गावर निजामाच्या काळापासून गाडी थांबते. स्टेशनाच्या गावातल्या माणसाला एवढे ठाऊक हवे, की रात्री सिग्नलचा दिवाच विझलेला दिसला तर ड्रायव्हर 'लाल नाही, चला' असे म्हणत नाही. विझलेला सिग्नल धोक्याचाच धरायचा, असा रेल्वेचा नियम आहे. आणि इथे मी, रोज फाटकावर ताटकळणारा, विझलेला दिवा बघून निर्धास्त.

बॅटरीच्या दिव्याचे आणखी एक गुपित आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जाग आणणारा पहिला प्रवाह त्या इवल्याशा बल्बमधून जातो. बल्ब गेला, तर कमी वेगात चार्जिंगच सुरू होत नाही. म्हणजे चार्जिंग बंद पडल्याचे सांगणारा दिवाच चार्जिंग बंद पाडतो, आणि सांगत तर नाहीच. तिथे एलईडी बसवायचा मोहही टाळावा. ती पुरेसा प्रवाह जाऊ देईलच असे नाही.

आता मीटर बाहेर काढणे. हे काम सकाळी, सावलीत आणि उपाशीपोटी नसताना करावे. बॅटरीची मायनस वायर आधी सोडावी. वरच्या झाकणाचे चार स्क्रू निघतात. पैकी तीन हाताला लागतात आणि चौथा डॅशबोर्डच्या पोटात पडतो. तो कुठेतरी खुळखुळ वाजतो, यापुढे कायम वाजत राहील. मीटर हळूच पुढे ओढावे, ओढावे म्हणजे हिसकू नये, कारण मागे स्पीडोमीटरची केबल आहे. तिची खिट्टी दाबून ती मोकळी करावी आणि ती परत लावायची आहे हे कुठेतरी लिहून ठेवावे. प्लग काढावेत. मागच्या बाजूला पिवळट फिल्मवर तांब्याच्या रेषा दिसतील. फाटली तर ती सहसा सांधत नाही, म्हणून नख लावू नये. माझ्या मीटरमागे उंदराने शेंगदाण्याच्या टरफलांचा संसार थाटला होता. वायर मात्र त्याने कुरतडली नव्हती. भाडेकरू म्हणून तो सभ्य होता.

बल्बचे होल्डर पाव फेरा फिरवले की निघतात. आत कॅपलेस बल्ब असतो, नुसत्या काचेच्या बुडाचा. काच आतून काळी पडली असेल तर तो गेलेला नसला तरी जाणार. दुकानात जाताना जुना बल्ब खिशात न्यावा, कारण मीटरचे बल्ब दोन मापांत येतात आणि दुकानदार जो हाताला लागेल तो देतो. ३.४ वॅटचा निघाला तर ३.४ चाच घालावा. जास्त उजेडाच्या हव्यासाने ५ वॅटचा घातला, की उष्णतेने आतली निळी-हिरवी फिल्म आणि प्लास्टिक वितळते. एलईडी घातली आणि लागली नाही तर दुकानदाराशी भांडायच्या आधी ती उलटी करून बघावी, तिला प्लस-मायनस कळते. परळीतला २५० मेगावॅटचा एकच संच असले ३.४ वॅटचे सात कोटींहून जास्त बल्ब पेटवू शकेल. मला दोन हवे होते. ते घाटनांदुरात मिळाले नाहीत, अंबाजोगाईहून आणावे लागले.

सगळे पुसून, होल्डरच्या पत्र्या घासून, मीटर परत बसवले. तीन स्क्रू आवळले. संध्याकाळी पार्किंगचे बटन दाबले आणि मीटरमध्ये दिवाळी. किल्ली फिरवली तर ऑइलचा लाल दिवाही लागला. आयुष्यात पहिल्यांदाच तो लागल्याचा आनंद झाला. मेहुणा योगायोगाने आलेलाच होता. त्याला शेजारी बसवले आणि मोबाइल खिशात ठेवायला लावला. फाटक ओलांडून गाडी परळीच्या रस्त्याला लागली. तो बराच वेळ मीटरकडे टक लावून बघत होता.

"दाजी, उजेड लई फक्कड पडलाय."

"मग?"

"पण आपण चालायलोत का उभे हाव? काटा शून्यावर हाय."