पगारी वैराग्य

पूर्वी सातपूर-अंबडच्या कंपन्यांत रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' एवढे दोन शब्द पुरायचे. एचआरवाल्यांना नाशिक जिल्ह्याचं पीकपाणी तोंडपाठ असायचं. ऑक्टोबरातलं घरगुती कारण म्हणजे द्राक्षाची गोडी छाटणी, मार्च-एप्रिलमधलं म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी आणि मे महिन्यातलं म्हणजे मेहुणीचं लग्न. रजा मागणारा सांगत नसे, देणारा विचारत नसे. आता अर्जात कारण सविस्तर येतं. 'स्वतःशी संवाद साधण्यासाठी दहा दिवस.' खाली तळटीप: 'या काळात फोन लागणार नाही. डिस्पॅचची एक्सेल शीट अपडेट करून ठेवली आहे.'

स्वतःशी संवाद साधायला नाशिकइतकं सोयीचं गाव नाही. एका बाजूला इगतपुरी, दुसऱ्या बाजूला त्र्यंबक आणि जवळच गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, त्याच्या अंगाला वायनऱ्या. म्हणजे निर्वाण, मोक्ष आणि शिराझ तिन्ही गोष्टी तासाभराच्या टप्प्यात. शुक्रवारी संध्याकाळी कॉलेज रोडवरचा सुशिक्षित माणूस गाडीत बसतो तेव्हा आपण नेमके कशासाठी निघालो आहोत हे त्याला पपया नर्सरीच्या सिग्नलपर्यंत ठरवता येतं. सोमवारी सकाळी नऊला पंचिंगला हजर राहायचं, एवढी एकच अट.

यातली इगतपुरी सगळ्यांत अवघड, हे मान्य केलं पाहिजे. धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा आणि फळं, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधले दहा-साडेदहा तास मांडी घालून बसायचं. आर्य मौन. मोबाइल, पुस्तक, वही, पेन सगळं लांब ठेवायचं. आणि फी काहीही नाही. इथेच आमच्या ओळखीच्या एका प्लँट हेडला शंका आली. फी नाही म्हणजे क्वालिटी कशी असेल? शेवटी त्यानं मनाशी दहा दिवसांचं आपलं वेतन काढलं, ती गुंतवणूक समजून नाव नोंदवलं आणि मग त्याला जरा बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी श्वासावर लक्ष ठेवता ठेवता त्याला साक्षात्कार झाला की पुण्याच्या व्हेंडरनं कास्टिंगचा रेट वाढवून लावला आहे. हे कुणाला सांगायचं? मौन! चौथ्या दिवशी फक्त गुडघे. सहाव्या दिवशीही गुडघेच. अकराव्या दिवशी सकाळी तो बाहेर पडला, घोटीच्या अलीकडे गाडी थांबवून त्यानं पहिला फोन व्हेंडरला लावला आणि पूर्ण समतेनं त्याची कानउघाडणी केली. तेव्हापासून ते दहा दिवसांचं मौन तो गेले तीन महिने सगळ्यांना सांगतो आहे. लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, सोसायटीच्या मासिक सभेत. मीटिंगमध्ये हाताखालच्यांच्या पगारवाढीचा विषय निघाला की डोळे मिटून 'सगळं अनित्य आहे' म्हणतो. स्वतःची पगारवाढ मात्र अजून नित्य आहे.

गंमत अशी की ही विद्या ज्यांच्याकडून इथवर आली त्यांचा इतिहास आमच्या या साधकांनी शिबिरात ऐकलेला असतो आणि बाहेर पडताना चपलांबरोबर तिथेच विसरलेला असतो. सत्यनारायण गोयंका म्हणजे मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीनं बेजार झाले, औषधं थकली म्हणून 1955 साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. आणि हे ऊ बा खिन कोण? गुहेत बसलेले कुणी जटाधारी? नव्हे. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. हिशेबतपासनीस! एकाच वेळी तीन-तीन, चार-चार सरकारी खाती सांभाळणारा हा माणूस आपल्या कचेरीतच कारकुनांना ध्यान शिकवायचा. निवृत्तीचं वय उलटलं तरी सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ऑडिटला तोंड दिलं आहे त्यांना यातला चमत्कार वेगळा सांगायला नको. 1969 साली ही साधना भारतात परतली ती अशा एका सरकारी बाबूच्या शिष्याबरोबर. बाबूनं राजीनामा दिला नाही, नोकरीला तुरुंग म्हटलं नाही आणि व्हाउचरवर सही करताना आपण आतून वेगळेच आहोत असं समोरच्याला जाणवूही दिलं नसावं.

आपल्या राज्य सरकारनंही कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी परावर्तित रजेची सोय केलेली आहे. चांगलीच गोष्ट आहे. फायलीसमोर तासन्‌तास निश्चल बसण्याचा सराव काहींना आधीपासून असतो, त्यांना शिबिर तुलनेनं सोपं जात असेल.

पण दोन आयुष्यं एकदम जगण्याची कला नाशिकला इगतपुरीनं शिकवली, असं म्हणणं म्हणजे त्र्यंबकवर अन्याय. ओझरला सुखोई विमानं जोडणारे आणि नाशिक रोडच्या प्रेसमध्ये दिवसभर नोटा छापणारे हात संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठाला बसतात, याला इथे कुणी जीवनशैली म्हणत नाही. प्रेसमधला माळकरी तर विशेष बघण्यासारखा. आठ तास पैशांच्या तावांकडे भाजीच्या जुडीकडे बघावं तसं बघायचं आणि बाहेर पडताना झडती देऊन, रिकाम्या हातानं, सायकलला टांग मारायची. इतकी अनासक्ती कुठल्याही शिबिरात दहा दिवसांत येत नाही.

अशा माळकऱ्याची पर्यायी व्यवस्था फार साधी असते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा. त्यासाठी महिनाभर आधी जोडीदाराशी शिफ्ट बदलून घ्यायची. ज्येष्ठात पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला निघते. चार आठवडे चालायला एवढी पीएल कुठून आणायची? मग तो नगरच्या पुढे एसटीनं जाऊन दिंडी गाठतो, आठ-दहा दिवस चालतो, द्वादशी सोडतो आणि परत येऊन थेट थर्ड शिफ्टला उभा राहतो. सुपरवायझर विचारतो, "काय बुवा, दिसला नाहीत?" तो म्हणतो, "जरा बाहेरगावी गेलो होतो." फोटो नाही, अनुभवकथन नाही, 'वारीने मला शिकवलेल्या लीडरशिपच्या गोष्टी' अशी पोस्ट नाही. एकादशीला कॅन्टीनमधली साबुदाण्याची खिचडी संपली की मात्र तो सात्त्विक संतापानं पेटतो. तेवढा हक्क आहे त्याचा. गोरोबांनी मडकी घडवणं सोडलं नाही, सावतोबांनी मळा सोडला नाही, त्यांच्या वंशातला हा. रजा शिल्लक आहे का, हा प्रश्न त्या दोघांना पडला नव्हता, इतकाच फरक.

आता गंगापूर रोडच्या मंडळींकडे वळू, कारण खरी पर्यायी जीवनशैली गिरणाऱ्याच्या पुढे फुलते आहे. शनिवार-रविवारचा शेतकरी! शेती करायची हे ठरवायला याला एक पॉडकास्ट पुरतो. अडचण पुढे येते. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घ्यायची तर आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. म्हणजे शेतकरी होण्यासाठी शेतकरी असल्याचा दाखला. अद्वैत वेदान्तातसुद्धा एवढं अवघड कोडं नाही.

मग सुरू होतो मुळांचा शोध. वडिलांनी निफाडची दोन एकर विकून याला इंजिनिअर केलं आणि फ्लॅटचं डाऊन पेमेंट भरलं, हा इतिहास. आता तोच इंजिनिअर तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आजोबांच्या नावचा जुना फेरफार धुंडाळत उभा. चुलत्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. बांधावरून झालेलं भांडण ते. त्यांच्याकडे दिवाळी नसताना पेढे घेऊन जायचं, पाया पडायचं आणि हळूच म्हणायचं, "काका, सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली होती बघा आमची." काकांनी पेढा खाल्ला. नोंदीबद्दल ते अजून विचार करत आहेत.

यथावकाश कुणाच्या तरी नावावर जमीन होतेच. त्यावर एक कौलारू घर, ज्याला साहेब 'झोपडी' म्हणतात. झोपडीला एसी आहे, पण तो फक्त पाहुण्यांसाठी. रासायनिक खत शिवायचं नाही असा निर्धार. जीवामृत! दोनशे लिटर पाण्याला दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. नैसर्गिक शेती शिकवणाऱ्या पाळेकर गुरुजींनी ही कृती सांगितली ती शेतकऱ्याचा खर्च वाचावा म्हणून. साहेबांकडे गाय नाही. म्हणून शेण ऑनलाइन मागवलं, गूळ सेंद्रिय दुकानातला, बेसन कोल्ड-ग्राउंड. ते मिश्रण ढवळताना लाकडी काठी उजवीकडून फिरवायची, हे गड्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, कारण त्या शनिवारी रिव्ह्यू मीटिंग लागली होती. पहिल्या हंगामात टोमॅटो आले. छोटे, पण प्रामाणिक. एका टोमॅटोला काय खर्च आला हे काढून द्यायला त्यांच्या सीए मित्रानं मैत्रीखातर नकार दिला.

या टोमॅटोंचं साऱ्या ऑफिसात वाटप झालं. पगाराला नावं ठेवत झालं. 'ही नोकरी म्हणजे गुलामी हो, खरं जगणं तिकडे मातीत आहे.' हे ऐकताना मला त्या पगाराची फार दया येते. शेण त्याच्या जिवावर, कौलं त्याच्या जिवावर, ठिबकची नळी, गड्याचा रोज, विपश्यनेला जाताना घेतलेली सुती गादीसुद्धा त्याच्याच जिवावर. आणि आभारप्रदर्शनात नाव मातीचं.

बांधाच्या पलीकडे आबांचा द्राक्षबाग. ऑक्टोबरात छाटणी झाली आणि पाऊस काही हटेना. पोंग्यावर केवडा म्हणून आबा पहाटेपासून ब्लोअर घेऊन फवारणीला, संध्याकाळी पुन्हा फवारणीला. अंगाला औषधाचा वास, डोळे लाल, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. बाजूला साहेब वेताच्या खुर्चीत, अनवाणी पाय गवतात ठेवून, माती अनुभवत. फवाऱ्याचा वास आल्यावर ते तळमळून म्हणाले, "आबा, सोडा हो हे विष. निसर्गाच्या लयीत जगा."

आबा तोंडावरचं फडकं सोडत बांधावर आले. "लयीचं बघतो साहेब. पण आमच्या धाकट्याचं काही होतं का तुमच्या कंपनीत? डिप्लोमा झालाय. कंत्राटी असलं तरी चालंल. एक तारखेला पगार आला म्हंजी झालं."

"नोकरीत काय ठेवलंय, आबा? मीच सोडायच्या विचारात आहे."

आबांचा चेहरा एकदम उजळला. "मंग तुमच्या जागेवर लावा की त्याला! कधी सोडताय?"

साहेबांनी पाय गवतातून वर घेतले. "बघू," ते म्हणाले. "मार्चमध्ये अप्रेझल आहे. मग दिवाळीचा बोनस. धाकटीची अ‍ॅडमिशन… तुम्ही त्याचा बायोडेटा पाठवून ठेवा. पण वीकेंडला नको हं, वीकेंडला मी मेल बघत नाही."