सोनं सापडलंय, खणू नका!

चंद्रपूर-गडचिरोलीत सोन्याचा दुष्काळ कधीच नव्हता. मंचावर चढणारा प्रत्येक पाहुणा ते सढळ हातानं वाटून जातो. कोळसा हे आमचं काळं सोनं, कापूस पांढरं, बांबू आणि तेंदूपत्ता हिरवं. एवढं सोनं अंगावर घालून भामरागडकडची बाळंतीण पावसाळ्यात खाटेवरून दवाखान्यात येते, ती गोष्ट वेगळी. राहिला होता फक्त पिवळा रंग. तोही २०२२ मध्ये मिळाला. नागपूरच्या खाण परिषदेत तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचं सांगितलं. वर्तमानपत्रांनी मिंझरी आणि बामणी ही नावं छापली. आमच्या सराफा ओळीत मात्र कोणी घाबरलेलं दिसलं नाही. सोनं आणि सोन्याची बातमी यांतला फरक सराफाला कसोटीचा दगड न काढताही कळतो.

बातमीनं हलले ते आमचे शेजारी गुरुजी. निवृत्तीनंतर त्यांनी कुक्कुटपालन, कोरफड आणि एक पतसंस्था असे तीन उद्योग बुडवले आहेत. आता त्यांनी सोनं शोधणारी कंपनी काढायचं ठरवलं आहे.

"गुरुजी, खाणीला हजारो कोटी लागतात," मी म्हटलं.

"खाण कोण काढून राह्यलं भाऊ? ती मोठ्यांची कामं. आपली छोटी कंपनी. आपण फक्त शोधायचं."

गुरुजींचा अभ्यास दांडगा. २०२३ च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीनं 'अन्वेषण परवाना' नावाची नवी चीज आणली; तिच्या २९ खनिजांत सोनंही आहे. एका परवान्याखाली हजार चौरस किलोमीटरपर्यंत मुलूख मिळू शकतो. लिलाव उलटा. पुढे कधी तिथं खाण निघाली आणि खाणवाल्यानं सरकारला जादा रक्कम भरली, तर त्यातला किती टक्के हिस्सा आपल्याला हवा ते सांगायचं. सगळ्यात कमी मागेल तो जिंकला. "न सापडलेल्या सोन्याच्या, न निघालेल्या खाणीच्या, न भरलेल्या रकमेतला वाटा सोडायला माझं काय जातं?" गुरुजी म्हणाले. त्याच वर्षी वनसंवर्धन कायदाही बदलला. केंद्रानं घातलेल्या अटींत राहून केलेलं खनिजांचं सर्वेक्षण आता 'वनेतर काम' धरलं जात नाही. म्हणजे जंगलात यंत्र नेऊन भोक पाडणं हे कायद्याच्या नजरेत जवळपास मोहफुलं वेचण्याइतकंच निसर्गाला धरून झालं.

तंत्रज्ञानावर तर गुरुजी फिदाच आहेत. पूर्वीचा भूवैज्ञानिक हातोडा घेऊन नाल्यानाल्यानं फिरायचा, दगड फोडायचा, पायाला जळू लावून घ्यायचा. आता उपग्रहावरचा कॅमेरा माणसाच्या डोळ्याला न दिसणारे शेकडो रंग वेगळे करतो. विमान चुंबकीय नोंदी घेतं, ड्रोन उरलेलं टिपतो, आणि हे सगळं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पोटात ओतलं की नकाशावर लाल ठिपके उमटतात. सरकारनं भूवैज्ञानिक माहितीचं राष्ट्रीय भांडारही डिसेंबर २०२३ मध्ये खुलं केलं. यात एकच अडचण. आमच्या जंगलातली जमीन वर्षातले बरेच महिने पानांनी झाकलेली, त्यामुळे आकाशातल्या कॅमेऱ्याला दगडाऐवजी सागवानच दिसतं. गुरुजींच्या मते ही अडचण नव्हेच. जे दिसत नाही त्याबद्दल अंदाज बांधायला अधिक वाव असतो.

मग ती बंदूक. क्ष-किरणांची, हातात धरायची. दगडाला टेकवली की काही सेकंदांत आत कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते पडद्यावर येतं. गुरुजींनी तिची चित्रफीत मला दाखवली तेव्हा मी भाबडेपणानं विचारलं, "ही सोनं दाखवते?"

"सोनं इतकं विरळ असतं की बंदुकीला ते बहुधा दिसतच नाही. ती आर्सेनिक दाखवते. सोन्याच्या शेजारी पुष्कळदा आर्सेनिक राहतं."

म्हणजे सोमल! गावकऱ्याच्या नाल्यात विष निघालं की कंपनीनं पेढे वाटायचे. वारुळाची मातीसुद्धा तपासतात. मुंग्या खालचे कण वर आणून ठेवतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तर २०१३ मध्ये कालगुर्लीजवळच्या निलगिरीच्या पानांत सोन्याचे अंश दाखवले. गुरुजी तेव्हापासून अंगणातल्या कडुनिंबाकडे संशयानं बघतात.

इथं मला सोनझारी आठवले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथात नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या या लोकांची नोंद आहे. त्यांचं तंत्रज्ञान म्हणजे एक लाकडी परात आणि कमरेपर्यंत पाणी. दिवसभर वाळू हलवायची, संध्याकाळी कणभर मिळालं तर मिळालं. या पद्धतीत मोठा दोष असा की सोनं नसलं तर ते त्याच दिवशी समजतं. अशा धंद्यात भांडवल कोण घालणार?

गुरुजींनी मात्र सोनझाऱ्यांसाठीही जागा शोधून ठेवली आहे. कॅनडाच्या ब्रे-एक्स या छोट्या कंपनीनं इंडोनेशियात, बोर्निओच्या जंगलात, बुसांग इथं सोन्याचा डोंगर सापडल्याचं सांगितलं. कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरांवर गेली. १९९७ मध्ये कळलं की दगडाच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, आणि त्यातलं बरंचसं स्थानिक लोकांनी नदीत धुऊन काढलेलं होतं. खालच्या दगडात नाव घेण्याजोगं काहीच नव्हतं. "बघा," गुरुजी म्हणाले, "परंपरागत कौशल्याला एवढा सन्मान दुसरीकडे कुठं मिळाला?"

आपल्याकडचं संशोधनही मागं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उन्नावजवळ डौंडिया खेड्यात एका साधूंना हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांनीही खाली धातूसारखं काहीतरी असल्याचा कौल दिला, आणि पुरातत्त्व खात्यानं कुदळ मारली. सोनं निघालं नाही. २०२० मध्ये सोनभद्रला तीन हजार टन सोनं असल्याची बातमी फुटली. सर्वेक्षणानं खुलासा केला की बावन्न हजार टनांच्या वर दगड आहे, त्यात टनाला तीन ग्रॅम या हिशेबानं सोनं भरेल सुमारे १६० किलो. गुरुजींनी या दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट उचलली: चूक खणण्यात झाली, आणि मोजण्यात. जाहीर करून थांबले असते तर ते सोनं अजून तिथंच असतं.

"पण कधीतरी भोक पाडावंच लागेल ना?" मी चिकाटी सोडली नाही.

लागतं. परवाना कागदावर फार दिवस झोपू देत नाही. खडकातून दगडाची कांडी काढणारं यंत्र आणावं लागतं आणि त्या यंत्राच्या तोंडाला हिरे बसवलेले असतात. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. ते वैरागड आज गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात. म्हणजे चारशेहून अधिक वर्षांपूर्वी इथून हिरे बाहेर जात होते, आता ते यंत्राच्या टोकाला बसून सोनं शोधायला परत येणार. प्रगती गोल असते, असं गुरुजींनी वहीत लिहून घेतलं.

त्या यंत्राला पाणी लागतं, पुष्कळ लागतं. हे गुरुजींना पाहणीसाठी गेलेल्या गावात समजलं. नकाशावर तिथं लाल ठिपका होता. ठिपक्यावर वस्ती होती, हे कृत्रिम बुद्धिमत्तेनं सांगितलं नव्हतं. वस्तीला सामूहिक वनहक्क मिळालेला होता. लेखा-मेंढ्याला तो २००९ मध्ये पहिल्यांदा मिळाल्यापासून या भागातली गावं बांबू आणि तेंदूचा लिलाव स्वतः करायला शिकली आहेत. उलटा लिलाव त्यांना माहीत नाही, सरळ चांगला येतो.

ग्रामसभेत गुरुजींनी उपग्रहापासून वारुळापर्यंत सगळं समजावलं. शेवटी एका आजीनं विचारलं, "भोक किती खोल पाडता गुरुजी?"

"दोनशे मीटर, माय."

"मग पाणी लागलं की हातपंप बसवून देजा."

गुरुजींनी सांगितलं, आमचं भोक जेमतेम तीन इंचांचं, त्यात हातपंप बसत नाही. सभा थोडा वेळ गप्प राहिली. मग एका तरुणानं उठून ठराव मांडला: भोक सहा इंचांचं पाडावं, सोनं लागल्यास कंपनीनं न्यावं की नाही ते नंतर बघू, पाणी लागल्यास गावाचं. बाकी विषय तेंदूचा हंगाम आटोपल्यावर.

गुरुजी आता सहा इंचांच्या भोकाचा खर्च काढत बसले आहेत. शेअर बाजारात उतरण्याआधी गुंतवणूकदारांना द्यायच्या पुस्तिकेत हातपंप कुठल्या रकान्यात दाखवायचा, हे त्यांच्या चार्टर्ड अकाउंटंटलाही अजून सुचलेलं नाही.