उचगाव ते लेह, व्हाया बेंदूर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या उचगावजवळून जाणारा पुणे-बंगळूर हायवे थेट दिल्लीपर्यंत जातो, हे आमच्या गावाला फार वर्षांपासून माहीत आहे. पण त्या माहितीचा काही उपयोग करावा असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आमच्या लेखी तो एका बाजूला शिरोलीपर्यंत, लग्नकार्य असेल तर पेठनाक्यापर्यंत, आणि दुसऱ्या बाजूला कागलपर्यंत. जुना 4 नंबर जाऊन त्याचा 48 नंबर झाला तरी आमचा हायवे तेवढाच राहिला. मग पोरांच्या हातात मोबाइल आला, मोबाइलमध्ये नकाशा आला, आणि माझ्या पुतण्यानं एका संध्याकाळी बोट सरकवत सरकवत हा रस्ता दिल्लीला नेऊन सोडला. तिथून पंजाब, मग काश्मीर नाहीतर हिमाचल, आणि शेवटी लेह. अडीच हजार किलोमीटरच्या वर.

"काय नाय काका, एकच तर रस्ता हाय," तो म्हणाला. पोरांचा बुलेटवरून लेहला जायचा बेत ठरला.

आमच्या या टापूत लांबच्या प्रवासाचं अप्रूप नसायला हवं खरं तर. शेजारच्या वळिवड्याला 1943 मध्ये पोलंडची पाचेक हजार माणसं येऊन राहिली होती. सैबेरियातून मध्य आशियात, तिथून इराण, मग कराची आणि शेवटी पंचगंगेच्या काठी. त्यांनी कुठे राइडिंग जॅकेट घेतलं होतं? ती माणसं गेल्यावर फाळणीत घरदार सुटलेले सिंधी त्याच बराकींत आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. म्हणजे इकडे माणसं येत राहिली ती नाइलाजानं. हौसेनं लडाखच्या थंड वाळवंटात निघालेली आमचीच पोरं पहिली असावीत. गंमत म्हणजे थर्मलचे कपडे स्वस्त पडतात म्हणून ती खरेदीला गेली गांधीनगरलाच.

हिशेबाच्या बैठका आमच्या ओसरीवर होतात, म्हणून मला सगळं ऐकू येतं. सामानाची यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आहे: पान्यांचा सेट, दोन ट्यूब, चेनचं तेल, भगवा झेंडा, कांदा-लसूण मसाला 2 किलो. या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा आहेत. पोस्टपेड कार्ड मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरात, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालत नाही हे त्यांना उशिरा कळलं. मनालीच्या वाटेवर टांडीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याचा फलक प्रसिद्ध आहे. तो फोटोत पाहिल्यावर बुलेटच्या टाकीवर दोन तास चर्चा झाली. त्यातला दीड तास कुणाची बुलेट किती मायलेज देते यावर होता आणि सगळे खोटं बोलत होते.

घरच्यांचा विरोध होता, तो निम्मा मावळला तो लडाखमधल्या पँगाँग तलावामुळे. तिथे 14,300 फुटांवर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला आहे. 26 डिसेंबर 2024 ला त्याचं अनावरण झालं. महाराजांना मुजरा करायला निघालोय म्हटल्यावर कोल्हापूर जिल्ह्यात कुठली आई अडवणार? वहिनींनी शेंगदाण्याच्या चटणीचं माप वाढवलं, एवढंच.

खरी अडचण तारखेची. मनाली-लेह रस्ता मे-जूनला उघडतो आणि बर्फ पडायच्या आत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला मिटतो. आता आमचं कॅलेंडर बघा. जूनमध्ये पेरण्या. मग बैलांचा सण बेंदूर, त्यातही एकाच्या घरी कर्नाटकी, दुसऱ्याच्या घरी महाराष्ट्री, म्हणजे दोनदा मुक्काम. आषाढात नव्या पाण्याची त्र्यंबोली यात्रा, आणि आखाडातलं मटण सोडून जाणारा पोरगा आमच्यात अजून जन्मायचाय. श्रावण मोकळा वाटतो, पण तेव्हा पंचगंगा काय करेल सांगता येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हाच हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता. लेहला जायला निघालेला माणूस पहिल्या दहा किलोमीटरमध्येच अडकायचा! भाद्रपदात गणपती, आणि मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार व ढोलवाले हेच. पुढं दसरा. दसऱ्यानंतर ऊसतोड तोंडावर आलेली, आणि तिकडं बर्फ.

लेहला वर्षभरात मिळून 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या गगनबावड्यात एखाद्या जोरदार दिवसात त्याहून जास्त कोसळतो. असल्या कोरड्या गावाची ओढ आमच्यासारख्या चिंब माणसांना वाटली तर मला नवल वाटत नाही. ऑगस्टमध्ये आठवडाभर न वाळलेली चड्डी ज्यानं घातली आहे, त्याला वाळवंट हा स्वर्गच वाटणार.

तांबड्या रश्श्याचा बेत लेहमध्ये करायचाय, असंही ठरलंय. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, मटण शिजायचं नाही, कुकर न्या, असं मी सुचवलं. कुकर यादीत लागला. पण पुढचं सुचवलेलं मात्र कुणी लिहून घेतलं नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे.

लेह साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे 11,500 फुटांवर आहे. पन्हाळा सव्वातीन हजार फुटांच्या आत-बाहेर. तेवढं चढलं की आम्ही थंड हवेचं ठिकाण म्हणतो आणि झुणका-भाकर मागवतो. लेहला हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच मापानं कमी. म्हणून तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस काही करायचं नसतं. हिंडायचं नाही, पळायचं नाही, प्यायचं नाही. पाणी घ्यायचं आणि पडून राहायचं.

हे आमच्या पोरांना सांगणं म्हणजे खासबागेत लंगोट लावून उतरलेल्याला "जरा बस" म्हणणं. "आमची तालमीतली पोरं हाईत काका," पुतण्या म्हणाला, "पाचशे जोर मारत्यात." पण जोराचा आणि उंचीचा काही संबंध नाही. ती दमदार माणसालाही लागते. उलट दमदार माणूस घाई करतो म्हणून आधी लोळतो. मनालीकडून चढलं तर दुसऱ्या दिवशी सरचूला, 4,200 मीटरच्या वर मुक्काम पडतो आणि रात्रभर डोकं ठणकतं. श्रीनगरकडून कारगिलमार्गे चढ हळूहळू येतो, शरीराला वेळ मिळतो. तरी यांना मनालीच हवी, कारण रीलमध्ये तीच दिसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: लडाखला न्यायला अंगात रग नसली तरी चालते, गप पडून राहायची अक्कल हवी, आणि ती गांधीनगरला होलसेलमध्ये मिळत नाही. तेव्हा लेहला जाऊन दोन दिवस नुसता झोपून आलेला एखादा पैलवान तुमच्या ओळखीत असेल, तर बेंदराच्या आत त्याला उचगावला पाठवून द्या. जेवणाची सोय आमच्याकडे.