कारणे लिहा (गुण १०)

बी.ए.ला समाजशास्त्र स्पेशल घेतलेल्या कुठल्याही मुलाला बालविवाहाची कारणे विचारा. निरक्षरता, रूढी-परंपरा, अंधश्रद्धा, दारिद्र्य, कायद्याची अपुरी अंमलबजावणी. गाईडमध्ये असतात त्याच क्रमाने येतील. प्रत्येक मुद्द्याखाली दोन ओळी, मुद्दा पट्टीने अधोरेखित, झाले उत्तर. हे उत्तर लिहिणारी मुलगी बीडची असेल, तिचे आईवडील दसरा उरकून ऊसतोडीला गेलेले असतील, तरी तिने हेच लिहायचे. या उत्तराचा मला राग येतो. तो त्या मुलीवर नाही.

अशाच एका मुलीशी बोलणे झाले. तुमच्याकडे मुलींची लग्ने इतक्या लवकर का लावतात, असे विचारल्यावर तिने आधी गाईड म्हणून दाखवले. म्हटले, हा पेपर नाही, तुला काय दिसते ते सांग. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, एकट्या गड्याला कोण उचल देतंय? त्याला अर्धा कोयता धरतेत. जोडी असली की पुरा कोयता."

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे मजूर मोजतात ते जोडीने. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम जी आगाऊ रक्कम देतो, ती उचल, तीही कोयत्यावर ठरते आणि नवऱ्याच्या हातात पडते. बायको पहाटेपासून फडात असते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते, पण हिशोबात तिचे वेगळे नाव नसते. आता घरातला मुलगा कामाला लावायचा म्हणजे त्याची जोडी करायची. आणि मुलीला मागे एकटी ठेवून चार-सहा महिने परमुलखात राहायची धास्ती असते, म्हणून तिचेही लग्न उरकून टाकायचे. एका घराला लवकर सून हवी, दुसऱ्याला लवकर लेक उजवायची. दोन्ही घरांतली माणसे लिहायला-वाचायला शिकली तरी मजुरीची रीत हीच राहिली तर लग्नाचे वय आपोआप वाढणार नाही. 'निरक्षरता' या मुद्द्याखालच्या दोन ओळींत हे कुठेच बसत नाही.

त्या मुलीने तीन वाक्यांत समाजशास्त्र केले. परीक्षेत तिने तेच लिहिले असते तर तपासनीसाने मुद्दे शोधले असते, सापडले नसते, आणि गुण कापले असते.

याच फडात खाडा आहे. काम बुडाले की दंड. पाळीच्या दिवसांत, दुखण्यात, बाळंतपणात खाडा पडतो आणि तो उचलीतून वळता होतो. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये गाजली, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला समिती नेमावी लागली. तेव्हाही बायकांच्या अज्ञानावर बोलणारे खूप निघाले. खाडा कोण लावतो, किती लावतो आणि कुठल्या कागदावर लावतो, हे विचारणारे थोडे. हा प्रश्न विचारायला शिकवण्यासाठीच तर हा विषय आहे.

आता एक जुना निबंध घ्या. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने तो वाचला. विद्यार्थी भीमराव आंबेडकर, विषय भारतातल्या जाती. त्यात बालविवाह आहे, सती आहे, सक्तीचे वैधव्य आहे. पण 'रूढी' म्हणून ते थांबत नाहीत, गणित मांडतात. जात टिकते जातीतल्या जातीत लग्न करण्यावर. ते चालू ठेवायचे तर जातीतल्या लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा आधी गेला की बाई जास्तीची ठरते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतल्या एखाद्या मुलीच्या वाट्याचा नवरा घेईल. म्हणून तिला चितेवर चढवायचे, नाहीतर विधवा म्हणून कोंडायचे. बायको आधी गेली की पुरुष जास्तीचा ठरतो. त्याला जाळणे जातीला परवडत नाही. मग अजून लग्नाच्या वयाला न आलेल्या मुलींमधून त्याला बायको द्यायची. तिन्ही चाली एकाच यंत्राचे भाग. त्यांचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान मागाहून आले, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले.

१९१७ मध्ये हा निबंध छापून आला. बीडच्या मुलीचे उत्तर आणि हा निबंध एकाच जातकुळीचे आहेत: चाल दिसली की ती चालू राहण्यात कुणाचा कोणता हिशोब जुळतो ते पाहायचे. आणि आपण शंभर वर्षांनंतर मुलांना पाच मुद्दे पाठ करायला लावतो. बाबासाहेबांचा फोटो विभागात असतो. हा निबंध, पूर्ण, ओळीने ओळ, वर्गात किती ठिकाणी वाचला जातो?

मुद्द्यांची सवय कुठे नेते तेही आपण पाहिले आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकावरून गदारोळ उठला. हुंड्याच्या कारणांमध्ये मुलगी कुरूप असणे, अपंग असणे ही कारणे छापलेली होती. २०२२ मध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच्या समाजशास्त्राच्या एका पुस्तकाचे पान असेच फिरले. त्यात तर हुंड्याचे फायदे दिले होते. लोक संतापले, संतापायलाच हवे होते. पण संताप शब्दांपाशी थांबला. वाईट शब्द काढा, पान काढा, संपले. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलाचा मामा जे बोलतो, ते पुस्तकाने उचलून कारण म्हणून छापले. मामा काय बोलतो ही या विषयाची कच्ची सामग्री. तो असे का बोलू शकतो, समोरचे का ऐकून घेतात, हा अभ्यास. सामग्रीलाच निष्कर्ष म्हणून छापले तर मग समाजशास्त्र आणि पारावरच्या गप्पा यांत फरक काय राहिला? हुंड्याला १९६१ पासून कायद्याने बंदी आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी सरकारी नोकरीतल्या मुलाचा भाव वेगळा आणि शेती करणाऱ्याचा वेगळा, आणि बहिणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करतात. हे तीन धागे एकत्र धरून बघा. मुलीच्या चेहऱ्यावर येऊन थांबायची वेळच येणार नाही.

"समाजशास्त्र काय, सोपा विषय आहे," असे लोक म्हणतात. बारावीनंतर कुठे नंबर लागला नाही म्हणून घ्यायचा, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो म्हणून घ्यायचा. घरचे विचारतात, यातून नोकरी कोणती? प्रश्न रास्त आहे, पोटाचा आहे, त्याला हिणवू नये. पण सोपा हे मात्र खोटे. आपल्या जन्मगावाकडे, आपल्या जातीकडे, आपल्या आईच्या कामाकडे परक्यासारखे बघणे याइतके अवघड काम कुठल्याच फॅकल्टीत नाही. रसायनशास्त्रातले द्रव्य विद्यार्थ्याला उलट विचारत नाही, तू कोणाचा रे?

आणि हा विषय आपल्याला परका नाही. भारतातला समाजशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली उघडला. १९२४ पासून तो मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांनी चालवला, थेट १९५९ पर्यंत. घुर्ये मुळात संस्कृतचे अभ्यासक. त्यांच्याच हाताखाली अक्षयकुमार देसाई मार्क्सवादी राहून पीएच.डी. झाले, एम. एन. श्रीनिवास घडले, इरावती कर्वे घडल्या. विभागाच्याही आधीची आपली पुंजी आहे: फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', ताराबाई शिंद्यांची १८८२ मधली 'स्त्रीपुरुष तुलना', महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ मधला 'गावगाडा'. यातल्या कुणीही गाईडच्या क्रमाने लिहिले नाही. सगळे मराठीत आहे, आणि मराठी माध्यमातला विद्यार्थी व्याख्या मात्र इंग्रजीतून मोडतोड करून आणलेल्या पाठ करतो.

इरावतीबाईंपाशी जरा थांबतो, कारण विद्यार्थी कसा असावा हे त्यांच्याकडून शिकावे. त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या. काम होते कवट्या मोजायचे. कवटीच्या ठेवणीतून वंशांमधला उच्चनीच फरक निघेल अशी मार्गदर्शकाची धारणा. बाईंनी मोजले आणि लिहिले की असा फरक पुराव्यातून निघत नाही. परदेशात, विशीतल्या एका मुलीने, पदवी ज्याच्या हातात त्यालाच 'नाही' म्हणून सांगितले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्या पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालत गेल्या. वारीत भेदाभेद नसतो, हे आपण सगळेच म्हणतो. बाईंनी पाहिले की एकाच दिंडीत ब्राह्मणांचा घोळका वेगळा, मराठ्यांचा वेगळा. चालणे बरोबर, भजन बरोबर, जेवण निराळे. त्यांना ते लागले, आणि त्यांनी तसे लिहिले. वारीवर त्यांचे प्रेम होते, तेही त्याच लेखात आहे. ज्यावर जीव आहे त्याची पंगत मोजायची, आणि मोजून झाल्यावर जीव काढून घ्यायचा नाही. पदवीच्या तीन-चार वर्षांत एवढे एक साधले तरी खूप.

मग हे होत का नाही? प्राध्यापक आळशी आहेत म्हणून, असे उत्तर देऊन मोकळे होणारे आहेत. ते पुन्हा गाईडचेच उत्तर झाले. यंत्र बघा. जागा रिकाम्या राहतात, त्या तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, भरल्या जातात. सीएचबीवरच्या शिक्षकाला तासाचे पैसे मिळतात, मुलांना घेऊन गावात हिंडला त्या दुपारचे मिळत नाहीत. तो दोन-दोन कॉलेजे करतो. पेपर काढणारा 'वैशिष्ट्ये लिहा' म्हणतो, तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, मुद्दा अधोरेखित असला की काम भरभर होते. विद्यार्थी सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकानात कामाला. अशा जागी सगळ्यांना परवडणारी एकच गोष्ट उरते: नोट्स सांगा, नोट्स लिहा. जो शिक्षक तरीही मुलांना वस्तीत घेऊन जातो तो स्वतःच्या खिशातून जातो. असे शिक्षक आहेत, मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासमोर मान लवते. पण विषय अशा माणसांच्या पदरच्या पैशावर चालवायचा का, याचे उत्तर विद्यापीठांनी आणि मंत्रालयाने द्यायला हवे. जागा भरा. फिरण्याच्या दुपारला तासिका म्हणून मोजा.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीत फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक दिले आहेत. ही संधी आहे आणि ती डोळ्यांदेखत वाया चालली आहे. गावात जायचे, बॅनर धरून उभे राहायचे, जिओटॅग फोटो काढायचा, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायलीत लावायचा. प्रश्नावली नेटवरून, निष्कर्ष मागच्या वर्षीच्या मुलाचे, 'लोकांमध्ये जनजागृतीची गरज आहे' हे शेवटचे वाक्य सर्वांचे एकच. जनजागृतीची गरज असलेले लोक त्या विद्यार्थ्याला रोज जेवायला वाढत असतात, हे तो विसरतो. त्याला विसरायला लावले जाते.

विषय हवे आहेत ना? घ्या. तुमच्या गल्लीतल्या किती बहिणींनी हक्कसोडपत्र दिले, सही करताना कोण सोबत होते, त्या वर्षी माहेरची साडी आली का. लग्नाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे बायोडेटे काढा आणि पोटजात कोण लिहितो, 'जातीची अट नाही' कोण लिहितो, आणि त्या पुढे 'एससी, एसटी वगळून' कोण जोडतो ते मोजा. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतो याचा आठवडाभराचा नकाशा काढा. गावात पाणी आधी कुठल्या आळीला सुटते. फडावरून परत आलेल्या आईला तिची उचल किती होती हे ठाऊक आहे का; नसेल तर कुणाला ठाऊक आहे. यातल्या एकाही प्रश्नाला बस लागत नाही, बॅनर लागत नाही. नावे बदला, कुणाचे घर उघडे पाडू नका, ज्याने सांगितले त्याला आधी वाचून दाखवा. एवढी रीत पहिल्या वर्षीच शिकवता येते.

आणि प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्याल तेव्हा व्याख्या विचारू नका. कुणाकुणाला भेटलीस, कोण बोलायला तयार झाले नाही, का झाले नाही, आणि जाण्याआधी तुला जे वाटत होते त्यातले काय चुकीचे निघाले, हे विचारा. शंभरपैकी पन्नास गुण यालाच ठेवा.