सिमल्यास सहकुटुंब जाताना पाळावयाचे नियम

सिमला ज्यांनी राजधानी म्हणून वाढवलं, ते हिवाळ्यात तिथे राहत नसत. 1864 पासून व्हाइसरॉय, त्यांचं कौन्सिल, कारकून, फायली आणि फायलींच्या लाल फिती असा सगळा संसार उन्हाळ्याच्या तोंडावर कलकत्त्याहून वर चढायचा आणि थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत खाली उतरायचा. ज्यांचं बालपण बर्फाच्या देशात गेलं ते बर्फाआधी गाशा गुंडाळत. आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसात, ती माणसं ठाणे-पुणे-नाशकाहून नेमकी जानेवारीत वर निघतात. यात डोकं कुणाचं ठिकाणावर आहे, हा प्रश्न मार्गदर्शनपर लेखनात विचारायचा नसतो. इच्छुकांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की हे शहर उन्हाळ्यासाठी बांधलेलं आहे. उंच छत आणि मोठाल्या खिडक्यांना हॉटेलवाले ‘ब्रिटिशकालीन वैभव’ म्हणतात. रात्री दोन वाजता वारा त्याच वैभवातून आत येतो.

तारीख ठरवणं हे पहिलं काम. बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमाचलावर येतात आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक त्यांना कुणीही पाठवलेलं नसतं. नाताळात मुलांना सुट्टी असते, पण बर्फाची खात्री नसते. जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत आशा जास्त, पण तेव्हा दहावी-बारावीच्या प्रॅक्टिकल्स असतात. म्हणून घरात दहावी-बारावीचं एकही मूल नसेल अशा वर्षी जावं. मध्यम आकाराच्या मराठी कुटुंबात असं वर्ष येत नाही, तेव्हा दर वर्षी चर्चा करून पुढच्या वर्षावर ढकलावं. काही घराणी या टप्प्यापुढे कधीच गेलेली नाहीत आणि सुखी आहेत.

जे पुढे जातील त्यांनी कालका-सिमला रेल्वेचं आरक्षण वेळेत करावं. 1903 साली सुरू झालेली ही छोटी गाडी 96 किलोमीटरच्या वाटेत 102 बोगदे पार करते. 2008 साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली, त्या वेळी प्रत्येक बोगद्यात किंचाळणाऱ्या मुलांचा विचार झाला होता की नाही, याची नोंद सापडत नाही. मूल एक असल्यास 102 किंकाळ्या धराव्यात, भाचे-पुतणे सोबत असल्यास गुणाकार करावा. सर्वांत लांब बोगदा बडोगचा, सुमारे 1143 मीटरचा. त्याची कथा प्रत्येक कुटुंबप्रमुखाने पाठ करावी. बडोग नावाच्या इंग्रज इंजिनिअरने डोंगर दोन्ही टोकांकडून पोखरायला घेतला आणि दोन्ही भोकं मधे भेटलीच नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला, असं सांगतात. शेवटी बोगदा दुसऱ्या जागी खणला. तात्पर्य: मोठ्या काकांनी कांदिवलीतून आणि आत्याने कोथरूडमधून एकाच सहलीचं बुकिंग करू नये. दंड एक रुपयावर भागत नाही.

हॉटेल ‘मॉलपासून पाच मिनिटांवर’ असल्यास ती पाच मिनिटं आडवी आहेत की उभी, हे फोनवरच विचारून घ्यावं. मॉल रोडवर पर्यटकांच्या गाड्यांना बंदी आहे. टॅक्सी खाली कार्ट रोडवर सोडते. तिथून वर यायला लिफ्ट आहे. पण लिफ्टच्या रांगेत तुमच्यासारखीच सहा कुटुंबं उभी असतात आणि सहाही कुटुंबांत कुणीतरी ‘चालतच जाऊ, व्यायाम होईल’ असं म्हणतं. असं म्हणणाऱ्या व्यक्तीच्या हातात बॅग नसते. ही व्यक्ती आधीच हेरून तिच्या हाती फराळाची पिशवी द्यावी, कारण लाडू, चकल्या, मेतकूट आणि संक्रांतीच्या गुळपोळ्या यांचं वजन चढावर दुप्पट होतं.

कपड्यांबाबत मतभेद असण्याचं कारण नाही: आजींचं ऐकावं. आजी जिला माकडटोपी म्हणतात ती थर्मलच्या कुठल्याही महागड्या प्रकारापेक्षा श्रेष्ठ आहे. तरुण वहिनी फोटोंसाठी पातळ कोट घेतात आणि संध्याकाळी सहाला आजींच्या शालीत सापडतात. बूट मात्र घरून नेऊ नयेत. सपाट तळाचे बूट बर्फावर आणि विशेषतः रात्री गोठून काच झालेल्या बर्फावर माणसाचं वय, हुद्दा काही बघत नाहीत. बर्फाच्या ठिकाणी गमबूट भाड्याने मिळतात. त्यांत आधी कुणाचे पाय होते, हा विचार करू नये.

आता मूळ मुद्दा. सिमल्यात स्केटिंगचं एक मैदान आहे, 1920 सालापासूनचं. तिथला बर्फ यंत्राने करत नाहीत. रात्री मैदानावर पाणी सोडतात आणि ते थंडीने आपोआप गोठतं. पण त्यासाठी आभाळ मोकळं लागतं. ढग आले की रात्र उबदार होते, पाणी नीट गोठत नाही, आणि बर्फ पडला तर स्केटिंग बंदच. म्हणजे बर्फवृष्टी पाहायची तर ढग हवेत आणि स्केटिंग करायचं तर ढग नकोत. मुलांना एकाच दिवशी दोन्ही हवं असतं. ही अडचण त्यांना पदार्थविज्ञानाच्या भाषेत समजावू नये. ‘आईला विचार’ एवढंच म्हणावं.

जाखू टेकडीवर हनुमानाची 108 फुटी मूर्ती आहे, 2010 साली उभारलेली. मूर्ती दूरवरून दिसते. माकडं दिसत नाहीत, ती येतात. जाखूच्या माकडांचा खास विषय चष्मा आहे. झडप घालून चष्मा काढतात, झाडावर जाऊन बसतात आणि चणे किंवा प्रसादाचं पाकीट हाती पडेपर्यंत तो देत नाहीत. हा खंडणीचा व्यवहार इतका सरळ आहे, की त्यात दलालीला वाव नाही. म्हणून चष्मे खिशात ठेवून टेकडी चढावी. याचा परिणाम असा, की ज्यांना दूरचं दिसत नाही त्या आजोबांना मूर्ती दिसत नाही आणि ‘एवढं चढवून काय दाखवलंत?’ हे ते चंदीगडपर्यंत विचारत राहतात. यावर उपाय नाही. चष्मा की दर्शन, हे घरूनच ठरवून निघावं.

रिज म्हणजे मॉलला लागून असलेलं मोकळं पटांगण. त्याच्या टोकाला स्कँडल पॉइंटवर गाईड पतियाळाच्या महाराजांनी व्हाइसरॉयची मुलगी पळवल्याची कथा सांगेल. ऐकून घ्यावी, मुलांसमोर चर्चा टाळावी. गाईड साल 1892 सांगत असेल आणि नायक भूपिंदरसिंग असतील, तर त्यांचा जन्म 1891 चा आहे, हे घरातल्या इतिहासप्रेमी मामांनी मनातच ठेवावं. पाळण्यातून उतरून कुणाला पळवणं अवघड आहे, हे गाईडलाही ठाऊक असतं, पण त्याचं पोट मामांच्या माहितीवर चालत नाही.

व्हाइसरॉयचा वाडा, 1888 साली पुरा झालेला, आता भारतीय उच्च अध्ययन संस्थेचा आहे. तो जरूर पाहावा, मात्र तिथे खोल्यांच्या वाटपाचा विषय काढू नये. 1945 साली याच वाड्यात व्हाइसरॉय वेव्हेल यांनी काँग्रेस आणि मुस्लिम लीगच्या नेत्यांना बसवलं होतं. मुस्लिम सदस्यांची नावं कुणी द्यायची, यावर बोलणी मोडली. कोण कुठे बसणार, यावर सिमल्यात भले भले अडले आहेत, मग गिझरवाली खोली आत्याला की वहिनीला हा प्रश्न तिथल्या हिरवळीवर सुटेल अशी आशा का धरावी? खर्चाचा हिशेबही आधी काढू नये. 1972 चा सिमला करारसुद्धा अगदी शेवटच्या रात्री झाला.

जेवणाबद्दल एकच सूचना: सिड्डू खावं. आंबवलेल्या कणकेत सारण भरून वाफवतात आणि वर तुपाची धार सोडतात. आजी पहिला घास घेऊन ‘हे तर आपलं दिंडंच की, फक्त गोड नाही’ असं म्हणतील आणि दुसरं मागवतील. बाकी वेळ कुटुंब पावभाजीच्या शोधात मॉलवर फिरेल. त्यांना अडवू नये.

आणि समजा, खरंच बर्फ पडला. तर पहाटे पडदा सरकवणाऱ्याने आरडाओरडा करून सगळ्यांना उठवावं, कारण रिजच्या उन्हाकडच्या बाजूचा बर्फ टिकत नाही. लक्कड बाजाराकडे, सावलीत, तो जास्त टिकतो, हे लक्षात ठेवून पायाखालचं बघत तिकडे निघावं. आधी आजी-आजोबांचे फोटो, मग मुलांचे, मग उरल्यास स्वतःचे. बर्फ चाखू नये. चाखला तर ‘काही चव नाही’ असं सगळ्यांना सांगत फिरू नये. दुपारपर्यंत रस्ते बंद झालेले असतात, टॅक्सीवाला फोन घेत नाही आणि वीज गेलेली असते. परतीचं विमान चुकणार हे कळल्यावर धाकटे काका सगळ्यांत आधी शांत होतात, कारण त्यांची रजा संपलेली असते आणि आता तो त्यांचा दोष उरत नाही. नळाचं पाणी पाइपातच गोठतं, म्हणून आदल्या रात्रीच बादल्या भरून ठेवाव्यात. सकाळी हॉटेलवाला कोळशाच्या शेगडीवर जी एक घागर पाणी तापवून देईल, तिच्यासाठी आंघोळीचा क्रम आजींनी लावावा. आजींनी पहिला नंबर स्वतःचा लावल्यास त्यावर अपील नाही.